हुकमाचा हँडब्रेक

मोटारीच्या पुढील दोन आसनांच्या मधोमध उभी असणारी हँडब्रेकची दांडी हा जुन्या वाहनचालकाच्या दृष्टीने गाडीचा मोठा विश्वासू अवयव होता. कारण ती ओढताना होणारा कटकट आवाज, मुठीला जाणवणारा ताण आणि अखेरच्या दातावर खटका अडकल्याची खात्री, या तिन्ही गोष्टी त्याला प्रत्यक्ष कळवीत असत की मागील चाके आता जखडली गेली आहेत आणि गाडी उतारावर सोडून खुशाल चहाला जाण्यास हरकत नाही. अलीकडच्या पुष्कळ मोटारींतून ही दांडी नाहीशी झाली असून तिच्या जागी बोटभर लांबीचे एक बटण आले आहे. ते वर ओढले की मागून क्षणभर घुर्र असा आवाज येतो, समोरच्या फलकावर तांबडी खूण उजळते आणि काम संपते. हाताचे बळ या व्यवहारातून पूर्णपणे वजा झाले आहे. ते कोठे गेले, आणि ते गेल्यामुळे मागील चाकांचे ब्रेक पॅड बदलण्याच्या, एरवी सुट्टीच्या दिवशी दारात बसून करता येण्यासारख्या कामाचे स्वरूप कसे पालटले, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

हे बळ थोडे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने तयार झालेल्या ब्रेकविषयक नियमावलीचा दंडक असा आहे की, पूर्ण भार भरलेली प्रवासी मोटार शेकडा 20 चढावर अथवा उतारावर, म्हणजे शंभर फूट आडवे गेल्यावर वीस फूट उंची बदलते अशा रस्त्यावर, केवळ पार्किंग ब्रेकच्या जोरावर निश्चल उभी राहिली पाहिजे. भारासह दीड हजार किलो भरणारी गाडी अशा उतारावर सुमारे तीनशे किलो वजनाइतक्या जोराने खाली ओढली जाते. तिला थोपविणारी पकड चाकाच्या कडेवर नसून, चाकाच्या मानाने पुष्कळ लहान अशा डिस्कवर बसते, त्यामुळे तेथे लागणारे बळ अडीचपट तरी वाढते. आणि हे सर्व रात्रभर, पेडलवर कोणाचा पाय नसताना, मागील दोन डिस्कांना दोहों बाजूंनी दाबून बसलेल्या चार पॅडांनी करावयाचे असते. जुन्या रचनेत हे बळ दांडीतून पोलादी तारांच्या केबलमार्गे मागे जाई. केबल ताणली जाई, गंजे, कालांतराने सैल पडे, आणि मग कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात पंक्चर काढताना चाकामागे दगड लावण्याचा आपला पूर्वापार रिवाज किती शहाणपणाचा होता हे ध्यानात येई.

बीएमडब्ल्यूची 2001 सालची ‘सेव्हन सीरीज’ ही दांडीऐवजी बटण घेऊन आलेल्या पहिल्या मोटारींपैकी होय. आरंभीच्या रचनांत बहुधा एवढेच केलेले असे की केबल तशीच ठेवून ती ओढण्याचे काम माणसाऐवजी एका विद्युत मोटरकडे सोपविले जाई. पुढे केबललाच रजा मिळाली. 2005 साली आलेल्या फोक्सवागनच्या पसाट मोटारीत प्रत्येक मागील कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पाठीवर एकेक छोटी मोटर बसविलेली होती, आणि हीच मोटार 2007 पासून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात जोडली जाऊ लागल्यामुळे ही रचना महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या हातांखालून जाण्यास फार काळ लागला नाही. आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतूनही ती दिसते. पुढील विवेचन मुख्यत्वेकरून तिलाच लागू आहे.

कॅलिपरच्या आत काय चालते ते जरा निगुतीने पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे विधिनिषेध त्यातूनच निघतात. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा पिस्टन येथेही आहे. मात्र तो आतून पोकळ आहे. या पोकळीत एक मळसूत्री दांडा असून त्यावर एक नट चढविलेला असतो, आणि नटाचा घाट असा असतो की पिस्टनच्या पोकळीत त्याला स्वतःभोवती फिरता येत नाही, केवळ पुढेमागे सरकता येते. पाठीवरची मोटर दातेरी पट्ट्याच्या आणि दंतचक्रांच्या द्वारा हा दांडा फिरविते. पसाटच्या रचनेत मोटरचे सुमारे दीडशे फेरे व्हावेत तेव्हा दांड्याचा एक फेरा होतो. वेगाचा असा त्याग करूनच मुठीएवढी मोटर टनाच्या मापात मोजावे लागणारे बळ उत्पन्न करू शकते. दांडा फिरला की नट पुढे येतो, पिस्टनच्या तळाला आतून टेकतो आणि त्याला पॅडवर रेटून धरतो. मळसूत्राचे आटे इतक्या कमी उताराचे असतात की पिस्टनने उलट कितीही रेटले तरी दांडा मागे फिरत नाही. म्हणून एकदा आवळलेला ब्रेक आवळलेला ठेवण्यास विजेची गरज लागत नाही, आणि म्हणूनच बॅटरी पुरती उतरलेल्या गाडीचा ब्रेक बटण कितीही दाबले तरी सुटत नाही.

किती आवळावयाचे हे मोटरला कसे कळते? तेथे दाब मोजणारे उपकरण सहसा नसते. मोटरला अडथळा होऊ लागला की ती अधिक वीज ओढू लागते. ही ओढ ठरीव मर्यादेला पोचली की नियंत्रक, म्हणजे या खात्याचा सर्वाधिकारी असा संगणक, तिला थांबवितो. यातून एक गमतीची गोष्ट निष्पन्न होते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या डिस्का तापून फुगलेल्या असतात आणि त्या स्थितीत ब्रेक लावून चालक निघून जातो. थोड्या वेळाने डिस्का निवतात, अंशमात्र आकसतात आणि पकड ढिली पडू लागते. ही शक्यता नियंत्रकाने आधीच हिशेबात धरलेली असल्यामुळे तो काही मिनिटांनी, गाडीत कोणी नसताना, मोटर आपण होऊन पुन्हा आवळतो. निर्मनुष्य गाडीतून आलेली ती घुरघुर ऐकून एखादा रखवालदार दचकला तर त्याला दोष देता येणार नाही.

मागील पॅड पुढच्यांच्या आधी का झिजतात, असा प्रश्न हल्ली पुष्कळ मालक विचारतात, आणि तो रास्त आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकत असल्यामुळे थोपविण्याचा मोठा वाटा पुढच्या चाकांनी उचलावा आणि त्यांचेच पॅड आधी संपावेत, हा जुना नियम होता. परंतु ब्रेकच्या बळाची पुढेमागे वाटणी इलेक्ट्रॉनिक रीतीने होऊ लागल्यापासून साध्या, सौम्य ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांना पूर्वीपेक्षा अधिक काम देता येऊ लागले. गाडी वळणावर घसरू नये म्हणून एकेक चाक स्वतंत्रपणे थोपविण्याची यंत्रणाही त्याच पॅडांवर जगते. आणि मागचे पॅड मुळातच आकाराने लहान असतात. त्यात आपला पावसाळा. कोकणपट्टीत चिखल, क्षार आणि दमट हवा यांच्या संगतीने कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात, आणि पॅड डिस्कला सोडावयाचे तेथे अंगचटीला राहून झिजत राहतो. नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर सर्वसाधारणपणे दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो 2 मिलिमीटरवर आला की पॅड बाद समजावा. त्यापुढे लोखंडी पाठ डिस्कला घासू लागते आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळविला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. झिजलेले पॅड काढून जाड नवे पॅड बसवावयाचे म्हणजे पुढे आलेला पिस्टन मागे ढकलून जागा केली पाहिजे. केबलच्या जमान्यातील पुष्कळशा मागील कॅलिपरांत पिस्टन सरळ ढकलून आत जात नसे, तो खास हत्याराने फिरवत फिरवत, दाबत दाबत आत घालावा लागे, आणि हे ज्याला माहीत तो जाणता मिस्त्री गणला जाई. मोटर असलेल्या कॅलिपरात नेमके उलट आहे. येथे पिस्टन सरळ ढकलावयाचा असतो, पण त्यापूर्वी त्याच्या पोटातला नट मोटरकडून पुरता मागे घेतलेला असला पाहिजे. नट पुढे असताना शिकंजा लावून पिस्टन रेटला तर तो सारा रेटा नटावर, दांड्यावर आणि दंतचक्रांच्या घरावर पडतो. एरवी दोन पॅडांत भागणारे काम मग अख्ख्या कॅलिपरवर जाते. उलटपक्षी पॅड बाहेर काढलेले असताना कोणी सहज म्हणून बटण ओढले तर समोर अडविणारे काहीच नसल्याने नट पिस्टनला पुढे पुढे लोटत नेतो, आणि पिस्टन नळकांड्याबाहेर पडून ब्रेक ऑइल सांडते. त्या वेळी मध्ये बोट असेल तर काय होईल हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

तात्पर्य, हाताच्या कौशल्याचा भाग सोपा झाला, आणि क्रमाचा भाग मात्र कडक झाला. पूर्वी पाना आणि माणूस यांच्यात तिसरा कोणी नव्हता. आता नियंत्रकाच्या दप्तरी रीतसर वर्दी देऊन, हँडब्रेकचा अंमल काही काळ तहकूब करण्याचा हुकूम मिळविल्याखेरीज चाकाला हात लावता येत नाही. या तहकुबीला गॅरेजात ‘सर्व्हिस मोड’ म्हणतात. ती मिळविण्याचे मार्ग गाडीगणिक निरनिराळे आहेत. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून त्यातून आज्ञा द्यावी लागते. काही जपानी गाड्यांत इग्निशन, पेडल आणि बटण यांची विशिष्ट क्रमाने उघडझाप केली की तेच साधते. काहींत ती सोय गाडीच्या पडद्यावरील यादीतच ठेवलेली असते. चौथा मार्ग आडवाटेचा आहे. मोटरचे दोन स्क्रू काढून ती कॅलिपरपासून अलग करावयाची आणि उघडा पडलेला दांडा हाताने उलट फिरवून नट मागे न्यावयाचा. हे करता येते. पण रबरी सील जागच्या जागी न बसल्यास पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरते, शिवाय नट कोठे उभा आहे याची नोंद नियंत्रकाच्या हिशेबाशी जुळत नाही. मोटरच्या तारांना थेट बॅटरी जोडण्याचा उद्योग करणारेही बहाद्दर आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

माझे स्पष्ट मत असे की, ज्या कारखानदारांनी ही परवानगी बटणांच्या क्रमाने अथवा पडद्यावरून मालकाच्या हाती ठेवली त्यांनी अधिक सभ्यतेचे वर्तन केले. पॅड ही झिजण्यासाठीच घडविलेली वस्तू आहे; ती बदलण्याचा अधिकार स्कॅनरच्या कुलपात ठेवण्यास सुरक्षिततेचे जे कारण सांगितले जाते ते अगदीच पोकळ नसले, तरी दांडी असताना ज्याला हे काम जमत होते तो मालक बटण आल्याबरोबर नालायक ठरला, असे मानण्यासही आधार नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिस मोडचे एक पान घालण्याने कोणाचेही नुकसान होण्यासारखे नव्हते.

प्रत्यक्ष काम सपाट जागेवर करावे. मागची चाके उचलावयाची आणि हँडब्रेक तर मोकळा असणार, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावणे हे येथे पूर्वीपेक्षाही अगत्याचे आहे. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर ती गिअरमध्ये, अथवा ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’वर ठेवावी. चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच किंचित ढिले करावेत. जॅक हा उचलण्यापुरता. उचललेली गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक-स्टँडांवर, टेकल्यावाचून तिच्या आसपास हात घालू नये. बॅटरी जुनी असेल तर तिला चार्जर जोडून ठेवणे बरे, कारण मोटर मागे जात असता मध्येच वीज कमी पडली तर नियंत्रक दोष नोंदवून बसतो आणि मग आधी त्याची समजूत घालावी लागते. सर्व्हिस मोडची आज्ञा दिली की दोन्ही बाजूंनी नेहमीपेक्षा लांबलेली घुरघुर ऐकू येते. ती थांबल्यावर इग्निशन बंद करून किल्ली खिशात टाकावी, घरातील मुलांना गाडीत बसू देऊ नये.

चाक निघाले की कॅलिपर समोर येतो. त्याच्या दोन सरकत्या पिनांचे बोल्ट काढताना पिन मागून दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी लागते, नाही तर बोल्टाबरोबर पिनही गरगर फिरते आणि तिचे रबरी बूट पिळवटते. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवणे हा या धंद्यातला सर्वांत सार्वत्रिक गुन्हा आहे. येथे तर नळीबरोबर मोटरची तारही ताणली जाते, म्हणून तो तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगावा. जुने पॅड पुष्कळदा सहज निघत नाहीत. त्यांचे कान ज्या खाचांत बसतात तेथे गंजाचे पापुद्रे साठून पॅड चिणल्यासारखा झालेला असतो. पेचकसाने हळूहळू उचकटून तो काढावा आणि मग त्या खाचा तारेच्या ब्रशने लोखंड चकाकेपर्यंत घासाव्यात. सारे काम अर्ध्या तासात उरकणारा कारागीर बहुधा हीच पायरी गाळतो, आणि नवे पॅड महिनाभरात पुन्हा अडकतात. प्रत्येक पिन बाहेर ओढून बोटांनी आतबाहेर सरकवून पाहावी. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. सरकत नसेल तर पुसून, रबराला न बाधणारे सिलिकोन ग्रीस लावावे. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने तिथले रबर फुगते.

हे करताना उडणारी काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घ्यावी. या सावधगिरीला इतिहास आहे. इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने उतारावर गाडी थोपविण्यासाठी लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे तुकडे बसविलेले पाहिले, आणि त्या निरीक्षणावरून 1897 साली घर्षणद्रव्ये बनविण्याचा जो उद्योग आरंभिला तोच पुढे फेरोडो या नावाने जगभर गेला. 1908 च्या सुमारास त्याने या द्रव्यांत ॲस्बेस्टॉस आणले. उष्णतेला ते असे पुरून उरे की जवळजवळ सबंध शतकभर ब्रेक म्हणजे ॲस्बेस्टॉस हे समीकरण टिकले, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेल्याचे परिणाम कारागिरांनी भोगले. ब्रिटनने त्याच्यावर पूर्ण बंदी घातली ती 1999 मध्ये. आजचे नामांकित पॅड ॲस्बेस्टॉसरहित असले, तरी त्यांची धूळ काही प्रसाद नव्हे.

पिस्टन शिकंज्याने सावकाश मागे दाबावा. तो हाताच्या माफक जोराने जात नसेल तर जोर वाढविण्यापूर्वी नट मागे गेला आहे की नाही याची पुन्हा तसदीक करावी. पिस्टन मागे जाताना ऑइल वर चढते, म्हणून बॉनेटखालच्या टाकीवर लक्ष असू द्यावे. ती काठोकाठ असेल तर थोडे काढून घ्यावे, आणि सांडलेला थेंबही लगेच पाण्याने धुवावा, कारण हे द्रव गाडीचा रंग खाते. ते हवेतली वाफही शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, तर 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही अट 155 अंशांवर उतरते. लांब घाट उतरताना पेडल एकाएकी पोकळ लागण्याचे हे एक कारण होय. तेव्हा पॅड बदलताना ऑइलचे वयही विचारून घ्यावे. डिस्कची जाडी तिच्या कडेवर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहावी. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे मिळून बदलावेत, एका बाजूचे कदापि नाही. कॅलिपरचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत एकदाच वापरावयाचे असतात आणि पॅडच्या खोक्यात नवे आलेले असतात. ते, तसेच चाकांचे बोल्ट, पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचवर आवळावेत. पसाटच्या चाकांना हे माप 120 न्यूटन-मीटर आहे. पान्यावर उभे राहून उडी मारण्याची पद्धत या मापात बसत नाही.

शेवटचा क्रमही चुकवून चालत नाही. प्रथम ब्रेकचे पेडल सावकाश, पुनःपुन्हा दाबून ते घट्ट लागेपर्यंत पिस्टन पॅडांना टेकवावेत, आणि मगच सर्व्हिस मोड उठविण्याची आज्ञा द्यावी. मोटर आता नट पुढे आणते, नव्या जाडीचे माप घेते, काही गाड्यांत दोनतीनदा आवळून सोडते, आणि फलकावरचा पिवळा दिवा विझतो. तो विझला नाही तर गाडी रस्त्यावर काढू नये. पहिले दोनतीनशे किलोमीटर नव्या पॅडांची पकड पुरी बसलेली नसते; त्या काळात करकचून ब्रेक लावण्याचे प्रसंग टाळून मध्यम वेगावरून हलकेच थांबण्याचा सराव ठेवावा, आणि मधूनमधून डिस्कांना निवण्यास अवसर द्यावा.

पहिल्या फेरफटक्यानंतर गाडी थांबवून दोन्ही मागील चाकांजवळ तळहात न्यावा, डिस्कला मात्र स्पर्श करू नये. दोहोंकडे सारखी धग लागली तर ठीक. एक चाक दुसऱ्यापेक्षा उघड उघड अधिक तापले असेल तर त्या बाजूची पिन अजून अडकते आहे किंवा पॅडचा कान खाचेत घट्ट बसला आहे असे समजावे, आणि सर्व्हिस मोडची आज्ञा पुन्हा देऊन तो कॅलिपर उघडावा.